भोवऱ्याचा गचका

बावन्न वर्षांच्या बाईला सगळा स्टुडिओ बंड्या म्हणतो हे ऐकून नवीन माणूस आधी हसायचा. मग बाई तोंड उघडायची आणि त्याचं हसू जागच्या जागी जिरायचं. आवाज दहा वर्षांच्या पोराचा, तोही गुडघे फोडून घेतलेल्या वांड पोराचा. बँकेतून फोन आला की पलीकडचा विचारायचा, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" ही म्हणायची, "आहे की, मीच आहे." तो म्हणायचा, "चावटपणा पुरे, आईला फोन दे." असं दर दोन महिन्यांनी व्हायचं आणि बंड्याला दर वेळी मजा वाटायची.

परदेशी कार्टून आपल्या भाषेत आणायचं तर त्यातल्या पोरांना आवाज लागतो, आणि तो बहुतेक बायकाच देतात. खऱ्या पोराला माइकपुढं उभं केलं तर चार वर्षांत त्याचा आवाज फुटतो. कार्टूनमधलं पोर मात्र मेलं वर्षानुवर्षं दहाचंच राहतं! बंड्यानं तीस वर्षं हेच काम केलं. खोली न्हाणीघराएवढी, भिंतींना गाद्या, समोर काच. पंखा नाही, कारण पंखा ऐकू येतो. कडक इस्त्रीचे कपडे घालायचे नाहीत, कारण ते वाजतात. बांगड्या दारातच काढून ठेवायच्या. उपाशीपोटी यायचं नाही, कारण पोट गुरगुरलेलं माइकला आधी कळतं आणि आपल्याला नंतर.

काचेपलीकडं बसायचा तो कानसेन. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग दोन्ही त्याच्याकडं, आणि ऐकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. दोन वाक्यं ऐकून म्हणायचा, "बंड्या, डावीकडची दाढ दुखतेय ना?" आणि ती खरंच दुखत असायची. आपल्या माणसाची चूक साहेबापर्यंत जाऊ द्यायची नाही, आपणच गुपचूप निस्तरायची, हा त्याचा स्वभाव. अशा माणसाला देवमाणूस म्हणतात. देवमाणसांनी केलेलं नुकसान भरून निघत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

चौदा वर्षांपूर्वी 'वादळटोळी' आली. पाच जणांची फौज: कप्तान, पोलाद, सावली, गरुडी आणि सगळ्यांत धाकटा भोवरा. हा पोरगा स्वतःभोवती गरगर फिरायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. भोवरा बंड्याकडं आला. पहिल्याच दिवशी घोडं अडलं. बोलण्याआधी या पोराचं तोंड दोनदा उघडून मिटायचं. तिकडच्या भाषेत तिथं काही शब्द असतील, पण आपलं वाक्य आखूड पडायचं आणि पोर माशासारखं नुसतं तोंड हलवत राहायचं.

"ती मोकळी तोंडं भर काहीतरी," दिग्दर्शिका मॅडम वैतागून म्हणाल्या. "आणि हा तुझ्या बाकीच्या पोरांसारखाच वाटतोय गं. याला याचं स्वतःचं काहीतरी दे."

बंड्याचा लेक तेव्हा सात वर्षांचा होता. बोलताना अडखळायचा. आधी दोनदा "अं... अं..." करायचा, मग तोंडानं सर्रकन श्वास ओढायचा आणि सगळं वाक्य एका दमात सोडून द्यायचा. त्याच सकाळी दुधाचा पेला पुढ्यात घेऊन त्यानं असंच बिस्कीट मागितलं होतं. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, वाट बघायची, हे बंड्यानं मनाशी पक्कं केलेलं होतं, आणि ती पेल्यावरची साय बघत थांबली होती. आता माइकसमोर तिच्या तोंडून आपसूक तेच आलं. "अं... अं..." श्वास, आणि वाक्य. भोवऱ्याच्या ओठांवर ते असं बसलं की मॅडम खुर्चीतून उठल्या. काचेपलीकडून कानसेननं दोन्ही अंगठे वर केले. गाडीला बसतो तसा हा गचका, म्हणून त्याचं नाव पडलं गचका. बंड्या त्या दिवशी घरी तरंगतच आली.

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण मॅडमना तो गचका अगदी अस्सल हवा होता, म्हणून शनिवारी ही लेकालाच स्टुडिओत घेऊन गेली. त्याचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळं श्वास ओढताना बारीक शिट्टी वाजायची. कानसेन तर खूश! "काय शिट्टी आहे! सोनं आहे सोनं!" पोराला उंच स्टुलावर उभं केलं, शाळेतल्या गमती सांगायला लावल्या, त्याचे गचके रेकॉर्ड केले आणि हातात चॉकलेट ठेवून घरी पाठवलं. ते गचके भोवऱ्याच्या डब्यात गेले. प्रत्येक पात्राचा कॉम्प्युटरवर असा एक डबा असतो. त्यात त्याचे उसासे, हुंकार, किंकाळ्या, पडल्याचे आवाज साठवलेले असतात. कलाकार एखादा आवाज विसरला तर त्याला परत बोलवत नाहीत, डब्यातलं ठिगळ लावतात. कानसेनची ठिगळं जगात कुणाला ओळखू यायची नाहीत.

'वादळटोळी' अशी चालली की विचारू नका. वह्यांवर भोवरा, डब्यांवर भोवरा, आणि गल्लीतलं एकेक पोर बोलण्याआधी गचका मारायला लागलं. बंड्याच्या लेकाच्या वर्गात बेचाळीस पोरं होती. त्यातली एक्केचाळीस नक्कल करत होती आणि एक खरं अडखळत होतं. आता बेचाळिसांतला खरा कोण, हे बाईंना कुठून कळणार? त्यांनी एके दिवशी याला पाढा विचारला, हा अडला, आणि बाई कडाडल्या, "माझ्या वर्गात कार्टूनगिरी चालणार नाही!" तासभर दाराबाहेर उभा केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोरं वर चिडवत होती, की हा भोवऱ्याची नक्कल करतो, आणि तीही धड जमत नाही याला.

घरी येऊन तो बंड्याला म्हणाला, "अं... अं... आई, तू शाळेत येऊन सांग ना, ते माझं आहे म्हणून."

बंड्याला दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. ती म्हणाली, "अरे, दोन दिवसांत विसरतील सगळे." खरं सांगायचं तर रेकॉर्डिंग हे निमित्त. शाळेत जाऊन काय सांगणार होती, की मी माझ्या पोराचं व्यंग उचललं आणि माइकला विकलं? पोरं मात्र दोन दिवसांत विसरली नाहीत, दोन वर्षांतही विसरली नाहीत.

दुसऱ्या सीझनच्या आधी तिनं एकदा मॅडमकडं विषय काढला, तोही ताकाला जाऊन भांडं लपवत. म्हणाली, "गचका जरा कमी केला तर? भोवऱ्याला आता सगळे ओळखतात ना." मॅडम म्हणाल्या, "गचका गेला तर भोवरा गेला, आणि भोवरा गेला तर नवीन बंड्या शोधावी लागेल." बंड्यानं विषय तिथंच सोडला. तिला नाही म्हणता आलं असतं का? माझ्या मते आलं असतं. तिलाही ते कळत होतं आणि म्हणूनच ती त्या रात्री नवऱ्याशी उगाच भांडली. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात आवाज घातलेल्या बाईला पहिल्यांदाच रस्त्यात लोक थांबवत होते. एवढा मोह सुटत नाही.

लेक पंधराचा झाला तेव्हा त्याच्या शाळेनं बंड्याला बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून बोलावलं. तो म्हणाला, जाऊ नकोस. ती म्हणाली, नुसती बक्षिसं देऊन येते, तोंडसुद्धा उघडत नाही. गेली. सातशे पोरं एका सुरात ओरडली, "गचका! गचका!" मुख्याध्यापक हात जोडून हसत म्हणाले, "एकदाच, मुलांसाठी." बंड्यानं माइक हातात घेतला आणि मारला गचका. सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी. सहाव्या रांगेत तिचा लेक मान खाली घालून बसला होता आणि शेजारचा त्याला कोपरानं ढोसत होता. बंड्याला ते व्यासपीठावरून दिसलं, आणि तरी पोरांनी पुन्हा मागितला तेव्हा तिनं दुसरा मारला.

त्या दिवसापासून लेक तिच्याशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला बसला की मीठसुद्धा बाबांकडून मागायचा. "तिला सांगा, मी उद्या उशिरा येणार." नवरा बिचारा सरळ माणूस. तो म्हणायचा, "मी तुमच्या दोघांचा पोस्टमन आहे का रे?" आणि तरी निरोप इकडून तिकडं पोचवायचा. अठराव्या वर्षी लेक चार तासांवरच्या शहरात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागला. तिथं यंत्रांचा असा खडखडाट की कुणी कुणाशी बोलत नाही, खुणेनं काम चालतं. त्याला तेच हवं होतं. महिन्यातून एकदा बाबांना फोन करायचा. बंड्या शेजारच्या खुर्चीत बसून नवऱ्याचं "हं, हं, बरं" तेवढं ऐकायची.

मग बातमी आली की हा शेवटचा सीझन. टोळी फुटणार, सगळे आपापल्या घरी जाणार. स्टुडिओत सगळे हळहळले. बंड्यानं शेवटच्या भागाची पानं उघडली आणि एका प्रसंगावर तिचं बोट थांबलं. भोवऱ्याची शक्ती संपते. तो गच्चीच्या कठड्याशी उभा राहून शहराला उद्देशून बोलतो, आणि ते सबंध भाषण पाठमोरं होतं! तोंड दिसत नाही, म्हणजे मोकळी तोंडं भरायची नाहीत, म्हणजे गचक्याचं कारणच उरत नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा हे पोर सरळ बोलू शकत होतं.

तिनं मॅडमना समजावलं. शक्ती गेली, साधा मुलगा झाला, मग गचकाही जाऊ दे. मॅडमचं लक्ष पुढच्या कार्टूनमध्ये. त्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणाल्या, "बरं, कर तसं." कागदावर कुणी काही लिहिलं नाही. त्या दिवशी नेमका कानसेनचाच कान ठणकत होता, म्हणून तो रजेवर, आणि बटणं दाबायला दुसऱ्या स्टुडिओतला माणूस आलेला. तोंड उघडलं की गचका आपोआप यायचा, चौदा वर्षांची सवय ती! सहा वेळा आला. सातव्या वेळी बंड्यानं डोळे मिटले, लेकाचं वाक्य संपायची वाट बघायची तशी प्रत्येक वाक्याआधी शांत थांबली, आणि भाषण स्वच्छ बोलली. बाहेर येऊन बांगड्या घातल्या आणि थेट घर गाठलं.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "त्याला सांगा, शेवटच्या भागात ते नाहीये. मी काढलंय. म्हणावं, एकदा येऊन बघ. तुझं तुला परत दिलं."

"एवढं सगळं मी सांगू?" नवरा म्हणाला. "तूच बोल की."

"माझ्याशी बोलेल का तो?"

नवऱ्यानं फोन लावला आणि शब्द न शब्द सांगितला. पलीकडं रात्रपाळीच्या यंत्रांचा खडखडाट. मग लेक म्हणाला, "येतो."

रविवारी सकाळी अकराचा भाग. लेक पावणेअकराला आला, बूट दाराशी काढले, बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. तीन वर्षांत खांदे रुंद झाले होते आणि उजव्या हाताच्या बोटांना काचेच्या भुकटीनं चिरा पडल्या होत्या. बंड्यानं चहा पुढं केला. त्यानं तो बाबांकडं न बघता थेट तिच्या हातून घेतला. एवढ्यानंच तिचे डोळे भरून आले, पण आज रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

भाग सुरू झाला. भोवऱ्याची सुरुवातीची वाक्यं होती तशीच, गचक्यासकट. दर गचक्याला लेकाचा अंगठा बॅगेच्या पट्ट्यावर घट्ट व्हायचा. "थांब जरा," बंड्या म्हणाली. "शेवटचं भाषण येऊ दे." पोलाद निघून गेला, सावली गेली, कप्ताननं बिल्ला काढून ठेवला. भोवरा गच्चीवर आला. पाठमोरा उभा राहिला.

"अं... अं..." भोवरा म्हणाला. "मला वाटायचं, मी थांबलो तर तुम्ही सगळे पडाल."

बंड्याला वाटलं आपल्याला भास झाला.

"अं... अं... आज मी थांबलोय. तुम्ही उभे आहात."

नवरा तिच्याकडं बघायला लागला. आणि मग शेवटच्या वाक्याआधी तिसरा गचका आला, आणि हा बंड्याचा नव्हता. दोनदा "अं", आणि मग श्वासामागं बारीकशी शिट्टी, पुढचे दोन दात पडलेल्या पोराची. "आता मला कुठं पळायचं नाही," त्या शिट्टीनंतर बंड्याचा आवाज म्हणाला. पडद्यावर नावांची रांग वर सरकायला लागली.

लेक शांतपणे म्हणाला, "हा मी आहे."

"मी काढला होता रे," बंड्या म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, मी काढला होता. कसा आला मला माहीत नाही."

"अं... अं..." त्याचा चेहरा लाल झाला. श्वास ओढून त्यानं वाक्य सोडलं. "असू दे. दोन दिवसांत विसरेन."

तो उठला. सहा वर्षांत तिच्याशी सरळ बोललेली ही त्याची पहिली वाक्यं, आणि त्यातलं शेवटचं तिचंच होतं, पाढ्याच्या दिवसापासून जपून ठेवलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. ती बोलावून बसली नसती तर तो आला नसता, आणि आला नसता तर निदान स्वतःला तरी ऐकलं नसतं त्यानं.

तो बुटाच्या नाड्या बांधायला वाकला आणि बंड्याचा फोन वाजला. कानसेन होता, आनंदानं नुसता ओरडत होता.

"बघितलंस का बंड्या? कळलं का काही? नाही ना कळलं! अगं, त्या बाहेरच्या गाढवानं तुझे तिन्ही गचके खाल्ले होते. मोकळी जागा तेवढी ठेवलेली. मी म्हटलं, शेवटच्या दिवशी आपल्या बंड्याचं हसं व्हायला नको. मॅडमना पत्ता लागू दिला नाही. डबा उघडला. आणि शेवटचा कुठला लावला सांग? तुझ्या पोराचा! पहिल्या सीझनचा! ती शिट्टी! म्हटलं, त्यालाही बरं वाटेल."

बंड्याला त्याच्यावर ओरडायचं होतं. शिवी जिभेवर आलीही होती. पण त्याला काय सांगणार, की मीच काढला होता? मग का काढला ते सांगावं लागणार, आणि पोराला उंच स्टुलावर उभं करून दिलेलं ते चॉकलेट आठवावं लागणार. चॉकलेट कानसेननं आणलं होतं, पण पोराला बोट धरून तिथं नेलं होतं तिनं.

"बरं केलंस रे," ती म्हणाली.

मग तिला सुचलं, की हे लेकाला ऐकवावं. निदान शपथ खोटी नव्हती हे तरी कळेल. ती फोन घेऊन दाराकडं धावली. "अरे थांब, हे ऐक, हा काय सांगतोय बघ!" पण तो एक जिना उतरून गेला होता.

इमारतीतली सगळी पोरं नुकतीच टीव्हीपुढून उठून जिन्यात जमली होती. शेवटचा भाग संपल्याचं दुःख म्हणावं तर तसं काही नाही, सगळी एकमेकांना गचके मारून दाखवत होती. जिना त्यांनी भरून टाकला होता. लेक मधेच अडकला. त्याला खाली जायचं होतं.

"अं... अं... अं..." तो म्हणाला. आज तिसराही आला. "जरा जाऊ द्या मला."

पोरं आनंदानं किंचाळली. "ए, काकांना पण येतो! काकांना पण येतो!"

खालच्या मजल्यावरची सातेक वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. वरून बंड्याला ती दिसत होती. मुलगी हसत नव्हती, चिडवतही नव्हती. ती अगदी मनापासून, समजावून सांगत होती.

"काका, तुमचं चुकतंय," ती म्हणाली. "दोनदाच अं करायचं. आणि मग शिट्टी. हे बघा, असं."

आणि तिनं त्याला करून दाखवलं.